गिटारची कवळी

ताईंचा फोन आला तेव्हा बत्तीशीच्या हातात एका निवृत्त पोस्टमास्तरांचा वरचा जबडा होता. जबडा मेणाचा होता, पण पोस्टमास्तर खरे होते आणि सोमवारी दात न्यायला येणार होते. म्हणून तिने फोन खांद्याने कानाशी दाबला आणि सुळा बसवता बसवता बोलू लागली.

"पुढच्या रविवारी जेवायला येतेय," ताई म्हणाल्या. "तिथूनच चारच्या बसने लेकीकडे. आणि हो, तुमच्या माळ्यावर माझी ती गिटार पडलीये ना? मी येण्याआधी भंगारवाल्याला देऊन टाक. सगळा संसार दोन बॅगांत कोंबतेय, त्यात हे लाकूड कुठे नेऊ?"

"देते की," बत्तीशी म्हणाली. फोन ठेवला आणि तिथल्या तिथे ठरवलं, मुळीच द्यायची नाही.

तिला बत्तीशी का म्हणत, हे लॅबमध्ये पाऊल टाकलेल्या माणसाला सांगावं लागत नसे. वीस वर्षं ती कवळ्या करत होती, आणि हसायला लागली की स्वतःचे सगळे दात जाहिरातीला काढल्यासारखे बाहेर यायचे. मालकांनी एकदा गमतीने ठेवलेलं नाव नवऱ्याने उचललं, नवऱ्याचं ऐकून त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी उचललं, आणि खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं.

पण या गिटारचा विषय निघाला की बत्तीशीचं हसू मावळायचं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. ताईंच्या घराचं छत गळायला लागलं म्हणून त्यांनी गिटार चार महिन्यांसाठी भावाकडे ठेवली. नव्या नवरीने मोठ्या हौसेने तिला पांढऱ्या चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं, नेमकं गिझरच्या डोक्यावर. एका दुपारी वरून फाडकन आवाज आला. जिच्यावर तारा ताणलेल्या असतात ती लाकडी घोडी उष्णतेने गोंद सुटून उखडली होती. बत्तीशीने रडत फोन केला. ताई म्हणाल्या, "असू दे गं, आता वाजवायला वेळ कुठे मिळतो." त्या कधी रागावल्या नाहीत, टोमणा मारला नाही, आणि पुन्हा कधी वाजवलंही नाही. एकोणीस वर्षं झाली. ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बत्तीशीला अजून वाटायचं.

आता ताई कायमच्या चालल्या होत्या. बालवाडीतली तीस वर्षांची नोकरी संपली होती, घर विकलं होतं, लेकीचं गाव रात्रभराच्या प्रवासावर होतं. हातात आठ दिवस होते. बत्तीशीने कंबर कसली.

संध्याकाळी नवऱ्याने शिडी धरली आणि तिने गिटार खाली काढली. बोटभर धूळ, गंजलेल्या खुंट्या, पोटावर एक वीतभर तडा. घोडी दोन गंजक्या तारांना लोंबत होती.

"हिचं आता काय करणार?" नवरा म्हणाला. "घरात दातांचा पसारा कमी होता म्हणून हे?"

"अहो, जिथे माणसाचा जबडा उभा करते तिथे ही काय चीज आहे?"

"माणसाला जबडा असतो. हिचं सगळं तोंडच पोटात आहे," नवरा म्हणाला. विनोद त्याचा त्यालाच इतका आवडला की शिडी हलली.

सोमवारी ती वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने गिटार उलटीपालटी केली, आत फुंकर मारली आणि दुरुस्तीचा जो आकडा सांगितला तो ऐकून बत्तीशीची दातखिळीच बसली. तेवढ्यात नवी गिटार आली असती. तिच्या पाकिटात बसण्यासारखी एकच वस्तू त्या दुकानात होती, सहा तारांचं पाकीट. तिने तेवढंच घेतलं. दुकानदार भला होता. तारा कुठली कुठे लावायची त्याचं चित्र असलेला कागद त्याने फुकट दिला, वर म्हणाला, "मॅडम, नाद सोडा." बत्तीशीने त्याला सगळे दात दाखवले.

मग ते दिवस सुरू झाले आणि काय सांगावं, लॅबमध्ये नुसती धमाल उडाली. जेवणाच्या सुट्टीत खिडकीजवळचं टेबल तिचं. डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेला वेळ गिटारला. तोंडात बघायचा छोटा गोल आरसा तिने गिटारच्या पोटात घातला, शेजारी बारीक टॉर्च धरला आणि आनंदाने ओरडलीच. आत सगळं दिसत होतं! एक आडवी पट्टी सुटली होती, तडा सरळ होता, लाकूड कुजलेलं नव्हतं. आणि पोटाच्या तळाशी, कोपऱ्यात सरकून बसलेला ऐवज होता. खडूचे तीन तुकडे, एक निळं बटण, खेळण्यातल्या मोटारीचं चाक. बालवाडीतल्या पोरांनी त्या भोकाला गल्ला समजून एकेक टाकलेलं. चिमट्याने तिने एकेक वस्तू अशी काढली की ती दात काढतेय असं वाटावं. मालक पाहत होते. म्हणाले, "पेशंटला भूल दिली का?"

गोंद सुतारकामाचा, लॅबमधलाच. तो पातळ करून तिने इंजेक्शनच्या नळीत भरला आणि सुटलेल्या पट्टीखाली सोडला. आता पट्टी दाबून धरायची कशी? शेजारच्या सुताराकडे शिकंजे होते, पण ते त्या भोकातून आत जाईनात. बत्तीशीने जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून पोटात खांब उभा केला, वरून शेवटची पट्टी सारली आणि खांब घट्ट बसला. बुधवारी तडा बुजला. गुरुवारी घोडीची जुनी जागा खरवडून साफ केली, घोडी चिकटवली आणि तिच्यावर प्लास्टरची जड पिशवी चोवीस तास ठेवली. येणारा जाणारा विचारायचा, पिशवीखाली काय आहे? "मुकं जनावर," बत्तीशी सांगायची, "उद्या बोलणार आहे."

तिला झोपेतही गिटार दिसत होती. घरी भाजीत मीठ दोनदा पडलं आणि नवऱ्याने निमूट खाल्लं, इतकी ती खूश होती.

शुक्रवारी मात्र एक गडबड लक्षात आली. गिटारच्या मानेच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते, तिच्यात सहा खाचा, तारा त्या खाचांतून खुंट्यांकडे जातात. जाड तारेला रुंद खाच, बारीक तारेला बारीक. बत्तीशीने दुकानदाराचा कागद शेजारी ठेवला आणि कपाळाला हात लावला. सगळं उलटं! जिकडे जाड तारा हव्यात तिकडेच बारीक खाचा.

आता डावं-उजवं हा बत्तीशीच्या अभिमानाचा विषय होता. समोरच्या माणसाचा डावा दात आपल्या उजव्या हाताला येतो, आणि या एका गोष्टीने भलेभले डॉक्टर चिठ्ठी लिहिताना चुकतात. वीस वर्षांत असल्या किती चुका तिने परस्पर पकडल्या आणि गाजावाजा न करता सुधारल्या, त्याला गणती नव्हती. चिठ्ठीवर डावी दाढ आणि साच्यात उजवी गायब, असं दिसलं की ती गालात हसायची आणि बरोबर तीच दाढ बसवायची. इथेही तिला तसंच वाटलं. कुणीतरी अर्धवट कारागिराने पट्टी उलटी बसवलीये. तरी खात्री म्हणून तिने घरी नवऱ्याला विचारलं.

"अहो, ताई कुठल्या हाताने वाजवायच्या?"

"उजव्या," तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला. "ताई सगळं उजव्याने करते. जेवते उजव्याने, लिहिते उजव्याने, मला फटके दिले तेही उजव्याने."

झालं. बहिणीचे फटके खाल्लेला माणूस साक्षीला होता. पट्टी नुसती फिरवून चालेना, कारण मग खाचांचा उतार उलटा पडत होता. तेव्हा नवीच करायची. घरात एका मोडक्या सुरीला हाडाची मूठ होती. बत्तीशीने ती कापली, लॅबमधल्या कवळ्या घासायच्या मशीनवर गुळगुळीत केली आणि भिंग लावून सहा खाचा पाडल्या. अशी देखणी पट्टी झाली की मालकांनी उजेडात धरून पाहिली. दोन थेंब गोंदावर ती जागी बसली. भोकाच्या वरच्या अंगाला लाकडावर ओरखडे होते, नखांनी घासल्यासारखे. पोरांनी केले असतील, असं म्हणून तिने तेही पॉलिश करून घालवले.

जुनी पट्टी तिने टाकली नाही. लॅबचा नियमच होता, नवी कवळी पेशंटच्या तोंडात रुळेपर्यंत जुनी जपून ठेवायची. प्लास्टिकच्या डबीत पट्टी, खडूचे तुकडे, बटण आणि चाक गेलं. वर नेहमीचं कार्ड. पेशंट: गिटार. काम: वरची पट्टी. शेवटी "मिळाल्याची सही" ही जागा कोरी. डबी फळीवर पोस्टमास्तरांच्या जुन्या कवळीशेजारी बसली.

शनिवारी दुपारी तारा चढल्या. एकेक खुंटी फिरवताना बत्तीशीचा डोळा घोडीवर होता. घोडी उखडते की काय! लाकूड कुरकुरलं, एकदा टक्क झालं, तिने डोळे मिटले. काही झालं नाही. मग तिने अंगठा सहाही तारांवरून खाली ओढला.

एकोणीस वर्षांनी आवाज आला. साधा, जाडसर, गोड आवाज, आणि तो टेबलातून तिच्या कोपरापर्यंत पोचला. तिला गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती टेबलाभोवती नाचली. मालकांनी टाळ्या वाजवल्या. बत्तीशी हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि दोन्ही एकदम करताना तिचं नाक वाहत होतं.

रविवारी ताई आल्या. दोन गच्च बॅगा, पिकलेले केस आणि डोळ्यांखाली आवराआवरीचा थकवा. जेवण झालं तेव्हा दोन वाजायला आले होते. बत्तीशीने ताईंना आमटी न विचारता तीनदा वाढली होती. नवरा तर गुपित सांभाळून इतका फुगला होता की कधी फुटेल याचा नेम नव्हता.

"ताई, डोळे मिट," तो म्हणाला.

बत्तीशीने गिटार ताईंच्या मांडीवर ठेवली. ताईंनी डोळे उघडले. लाकडावरून त्यांचा तळवा फिरला, तडा होता तिथे थांबला, घोडीपाशी थांबला. "अगं," त्या म्हणाल्या, "अगं बत्तीशी, हे तू..." आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बत्तीशीला आभाळ ठेंगणं झालं.

मग ताईंनी गिटार उचलली आणि मांडीवर फिरवून घेतली. मान उजवीकडे, पोट डावीकडे.

"ताई, उलटी धरलीस!" नवरा खदाखदा हसला. "विसरलीस वाटतं!"

ताईंचा उजवा हात मानेवर गेला, बोटं पडद्यांवर बसली, डाव्या हाताने तारा छेडल्या. भलताच आवाज निघाला. त्यांनी तारांकडे पाहिलं. पुन्हा बोटं बसवली, पुन्हा तेच. मग गिटार हळूच सोफ्यावर ठेवली.

"छान झालीये गं," त्या म्हणाल्या. "अगदी नव्यासारखी. तुम्हीच ठेवून घ्या, भिंतीवर शोभेल." आणि हसल्या, ओठ मिटून.

नवऱ्याला काही कळलं नाही, पण बत्तीशीचा जन्म असलं हसू पाहण्यात गेला होता. कवळी टोचत असली की पेशंट कधी तक्रार करत नाही. करणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तो छान आहे म्हणतो आणि तोंड मिटून हसतो. अशा वेळी काय विचारायचं ते तिला ठाऊक होतं. ती ताईंच्या समोर जमिनीवर बसली.

"ताई, कुठे टोचतंय?"

"काही नाही गं."

"कुठे टोचतंय ते सांगितल्याशिवाय मी उठणार नाही. बस चुकली तरी चालेल."

ताईंनी भावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगं, मी डावरी आहे," त्या म्हणाल्या.

"तू?" नवरा म्हणाला. "कधीपासून?"

"जन्मापासून, गाढवा. तू व्हायच्या आधी बाबांनी आणि मास्तरांनी मिळून माझा हात सरळ केला. जेवताना मारलं, लिहिताना मारलं, डावा हात पाठीमागे बांधून बसवलं. तू पाहिलीस ती सरळ झालेली ताई." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "गिटार मी पहिल्या पगारातून घेतली. आणि गंमत सांगू? घरात कुणालाच माहीत नव्हतं ती कुठल्या हाताने वाजवतात. त्यामुळे मला कुणी अडवलंच नाही! दुकानदाराला म्हटलं, माझ्या हाताला जमेल तशी लावून द्या. त्याने उलट्या तारा लावून दिल्या. आयुष्यात तेवढी एक गोष्ट मी माझ्या हाताने केली बघ."

बत्तीशीने गिटारच्या भोकावरचं गुळगुळीत लाकूड चाचपलं. ते ओरखडे पोरांचे नव्हते. ती पट्टी कुणा अर्धवट कारागिराची नव्हती. ताईंचा हात सरळ करणाऱ्या मंडळींत आपणही जाऊन बसलो, आणि तेही हसत हसत, भिंग लावून!

पण रडायला वेळ कुणाला होता? घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि जुनी पट्टी टाकलेली नव्हती.

"अहो, स्कूटर काढा!" ती किंचाळली. "लॅबची किल्ली माझ्याकडे आहे! ताई, तुम्ही तारा उतरवा, नीट गुंडाळून ठेवा, त्याच लागणार आहेत!"

रविवारची दुपार, रस्ते मोकळे, आणि घरोघरी विजेच्या मीटरचे आकडे टिपत आयुष्यभर सावकाश चाललेला तिचा नवरा त्या दिवशी असा सुटला की वळणावर बत्तीशीची एक चप्पल मागे राहिली. "थांबू का?" "चपलेचं काय घेऊन बसलात!" लॅब उघडली, फळीवरची डबी उचलली, एका पायात चप्पल घालून ती परत स्कूटरवर. घरी पोचली तेव्हा ताईंनी सहा तारांची सहा वेटोळी टेबलावर ओळीने मांडली होती, जाडीप्रमाणे. त्यांच्या गालांवर रंग चढला होता.

लाकडी ठोकळा लावून हातोडीचा एक हलका टोला दिला आणि सुरीच्या मुठीची देखणी पट्टी टपकन खाली पडली. दोनच थेंब गोंद लावायची लॅबची शिस्त कामाला आली. जुनी पट्टी आपल्या जागी अशी बसली की जणू कधी उठलीच नव्हती. मग तारा. ताई सांगत होत्या, "ही इकडे, ती तिकडे," बत्तीशी ओवत होती, नवरा खुंट्या फिरवत होता आणि दर दोन मिनिटांनी वेळ ओरडत होता. तीन वाजले. सव्वातीन. पाच तारा चढल्या. सहावी, सगळ्यांत बारीक, आधीच एकदा वाकलेली, दुसऱ्यांदा पिरगळताना तटकन तुटली.

दुसरं पाकीट नव्हतं, आणि रविवारी दुकान बंद.

"माझंच चुकलं," बत्तीशी म्हणाली. "तेव्हाही माझंच चुकलं होतं ताई, गिझरवर ठेवली. आणि आताही."

"गप गं," ताई म्हणाल्या. "बालवाडीतली पोरं तेव्हा माझी ती तार दर आठवड्याला तोडायची. पाच तारांवर वाजवल्याशिवाय का ती पहिली अकरा वर्षं काढली?"

आणि त्यांनी गिटार मांडीवर घेतली, मान उजवीकडे.

पहिली काही मिनिटं बोटं ऐकेनात. ताई पुटपुटत होत्या, स्वतःला दम देत होत्या, मध्येच हसत होत्या. मग डावा हात सुटला. पोरांना रांगेत हात धुवायला नेताना त्या जे वाजवत ते त्यांनी वाजवलं, उड्या मारत चाललेलं, धसमुसळं, आनंदी. बारीक तारेची जागा आली की तिथे ताई तोंडाने "टिंग" म्हणत. दुसऱ्या वेळी नवरा म्हणाला. तिसऱ्या वेळी तिघंही. बत्तीशी हसत होती, सगळ्याच्या सगळ्या दातांनी, आणि समोर ताईही तोंड उघडून हसत होत्या. एकोणीस वर्षं छातीवर बसलेला दगड कधी उतरला ते तिला कळलंच नाही.

पावणेचार वाजता नवरा बॅगा न्यायला आला. ताईंनी मोठी बॅग पायाने मागे सारली.

"ही राहू दे."

"अगं, यात काय आहे?"

"कपडे आणि भांडी. भंगारवाल्याला दे." त्यांनी गिटार जुन्या पांढऱ्या चादरीत गुंडाळून काखेत मारली.

नवरा दुसरी बॅग घेऊन खाली धावला आणि हॉर्न वाजवू लागला. दारात बत्तीशीने ताईंच्या हातात डबी दिली. आत खडू, बटण, चाक, आणि सुरीच्या मुठीची ती पट्टी. ताईंनी चाक बोटांनी फिरवून पाहिलं. झाकणावरचं कार्ड वाचलं आणि खुदकन हसल्या.

"सही लागते ताई," बत्तीशी म्हणाली. "लॅबचा नियम आहे. पेशंट खूश असेल तरच."

तिने पेन पुढे केलं. ताईंनी ते सवयीने उजव्या हातात घेतलं, कार्ड दाराला टेकवलं आणि थांबल्या. मग पेन डाव्या हातात घेतलं. खालून पुन्हा हॉर्न वाजला. अक्षर बालवाडीतल्या पोराचं असावं तसं मोठं आणि वाकडं येत होतं, एकेक वळण जीभ बाहेर काढून काढावं लागत होतं. बत्तीशीने घड्याळाकडे पाहिलं नाही. तिने दोन्ही हातांनी कार्ड घट्ट धरून ठेवलं, आणि ताईंनी आपलं पूर्ण नाव लिहिलं.